शब्द कोणाचा, निगेटिव्ह कोणाची? ‘मायग्रंट मदर’ या छायाचित्राचे एक वाचन

या टिपणात आपण एकच छायाचित्र वाचणार आहोत: डोरोथिया लँग यांचे, १९३६ सालचे ‘मायग्रंट मदर’. महामंदीवरच्या एखाद्या लेखात किंवा फोनच्या पडद्यावर ते तुमच्या नजरेखालून बहुधा गेले असेल. कपाळाला आठ्या पडलेली एक स्त्री, गालापाशी नेलेला हात, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी. तिच्या दोन्ही खांद्यांवर पाठमोरी टेकलेली दोन मुले आणि कुशीत तान्हे बाळ.

या चित्रावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लेखन चेहऱ्याबद्दल आहे: आईचे सोसणे, गरिबी, धीर. आपण मात्र एक साधा, थोडासा व्यवहारी प्रश्न विचारू. हे काम कोणाच्या पैशाने झाले, आणि त्यामुळे चित्रातल्या बाईला दिलेला शब्द पाळण्याचे बळ कोणाच्या हाती राहिले? माझे म्हणणे आधीच सांगतो. मोबदला घेऊन केलेल्या छायाचित्रणात विश्वास छायाचित्रकार मिळवतो आणि मालकी दुसऱ्याकडे जाते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या हातांत असतात हे विसरले, की चांगल्या हेतूने काढलेले उत्तम चित्रही एखाद्या माणसावर अन्याय करू शकते.

१. काम कोणी सांगितले होते?

१९३५ मध्ये अमेरिकेच्या संघीय सरकारने रिसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन नावाचे खाते सुरू केले. उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्यांना मदत आणि त्यांचे पुनर्वसन हे त्याचे काम. १९३७ मध्ये हेच खाते फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन झाले. खात्यात छायाचित्रांचा एक विभाग होता आणि रॉय स्ट्रायकर त्याचे प्रमुख होते. मदतीची गरज खरी आहे हे लोकांना आणि लोकप्रतिनिधींना दिसावे, म्हणून छायाचित्रे हवी होती. लँग या विभागात पगारावर होत्या.

मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, मटार तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत त्यांनी हे छायाचित्र टिपले. थंडीने पीक गेले होते, त्यामुळे मजुरांना काम नव्हते. लँग थोडा वेळच तिथे थांबल्या, मोजकीच छायाचित्रे घेतली आणि पुढे निघाल्या. त्याच महिन्यात ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ने छावणीची बातमी छायाचित्रांसह छापली आणि छावणीला अन्नमदत पाठवली गेली. चित्रातले कुटुंब मात्र तोवर कामाच्या शोधात पुढे गेले होते.

आता मालकीकडे या. निगेटिव्ह खात्याची होती. अमेरिकेच्या कायद्यानुसार संघीय सरकारच्या अशा कामावर कॉपीराइट, म्हणजे प्रताधिकार, नसतो. म्हणजे हे चित्र ना लँग यांच्या मालकीचे, ना चित्रातल्या बाईच्या. ते कोणीही, कुठेही, काहीही न विचारता छापू शकत होते, आणि आजही छापू शकते. या चित्राच्या अफाट प्रसारामागे त्याच्या गुणवत्तेइतकाच हा कायदेशीर मोकळेपणाही आहे.

२. स्टुडिओ आणि छावणी

सरकारी कामात येण्याआधी लँग यांचा सॅन फ्रान्सिस्कोमध्ये व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ होता. शहरातली सधन कुटुंबे तिथे येत. स्टुडिओतला व्यवहार कसा असतो ते नीट पाहा. गिऱ्हाईक स्वतः येते, पैसे देते आणि कॅमेऱ्यासमोर बसते. जो पैसे देतो त्याचाच चेहरा चित्रात असतो. म्हणून करार ज्याच्याशी, विश्वासाचे नातेही त्याच्याशीच. चित्र आवडले नाही तर तो सांगू शकतो, प्रती किती काढायच्या ते ठरवू शकतो. आपल्या गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओतही हेच चाले. नवरा-नवरीचा फोटो दुकानाच्या शोकेसमध्ये लावायचा, तर चांगला फोटोग्राफर आधी घरच्यांना विचारी.

हा विचारण्याचा संकेत नुसत्या सौजन्याचा नाही. १८८८ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात पोलार्ड विरुद्ध फोटोग्राफिक कंपनी हा खटला चालला. एका स्त्रीने पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला होता. दुकानदाराने तो नाताळच्या शुभेच्छापत्रावर वापरून दुकानात मांडला. न्यायालयाने त्याला मनाई केली आणि त्यासाठी दोन आधार दिले. एक, फोटो काढून देण्याच्या करारातच ‘ही निगेटिव्ह तुमच्यासाठीच वापरीन’ ही न बोललेली अट असते. दोन, असा वापर विश्वासाचा भंग ठरतो. दोनच वर्षांनी वॉरन आणि ब्रँडाइस यांनी खासगीपणाच्या हक्कावरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात या निकालाचा आधार घेतला.

पण इथे एक बारकावा आहे. पोलार्डबाई जिंकल्या, कारण त्या गिऱ्हाईक होत्या. न बोललेली अट ज्या करारात वाचली गेली, त्या कराराच्या त्या पक्षकार होत्या. निपोमोच्या छावणीत असे काही नव्हते. पैसे देणारे खाते वॉशिंग्टनमध्ये, कॅमेरा लँग यांच्या हाती, आणि चेहरा तिसऱ्याच व्यक्तीचा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सोप्या भाषेत सांगायचे तर ट्रान्झिस्टरची तीन टोके आहेत आणि आपण दोन टोकांच्या रोधाचे सूत्र लावून उत्तर काढतो आहोत. करारात फक्त दोघे असतात. तिसऱ्याच्या वाट्याला येतो तो निव्वळ शब्द.

३. मालकाचा हात

मालकी दुसऱ्याकडे असणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे त्या खात्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

स्ट्रायकर नापसंत निगेटिव्ह बाद करत. बाद करण्याची पद्धत अशी, की ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला सरळ भोक पाडायचे. त्यातून छापलेल्या प्रतीवर आज एखाद्याच्या चेहऱ्यावर किंवा आकाशात काळे वर्तुळ दिसते. खात्यासाठी काम करणारे चित्रकार-छायाचित्रकार बेन शान यांनी पुढे या पद्धतीवर नाराजी बोलून दाखवली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ती बंद झाली. पण ती चालू शकली, कारण निगेटिव्ह काढणाऱ्याची नव्हती.

उलट दिशेचे उदाहरण ‘मायग्रंट मदर’चेच आहे. मूळ चित्रात उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेल्या हाताचा अंगठा दिसत होता. लँग यांना तो खटकला आणि पुढे त्यांनी निगेटिव्हवर तो पुसट करवून घेतला. स्ट्रायकर यांना हे रुचले नाही. खात्याच्या नोंदीत फेरफार नको, ही त्यांची भूमिका. म्हणजे एका निगेटिव्हवर दोन हात होते, कलावंताचा आणि मालकाचा. तो अंगठा ज्या कुटुंबाच्या चित्रात होता, त्यांना मात्र ‘ठेवू की काढू’ हे कोणी विचारले नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. फेब्रुवारी १९४२ मधल्या अध्यक्षीय आदेशानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडून छावण्यांत जावे लागले. या स्थलांतराची छायाचित्रे काढण्यासाठी वॉर रिलोकेशन अथॉरिटीने लँग यांना नेमले. त्यांनी जे दिसले ते टिपले: दुकानांवरच्या पाट्या, सामानाच्या ढिगापाशी बसलेली माणसे, गळ्यात ओळखीचे बिल्ले अडकवलेली मुले. लष्कराने त्यातली अनेक चित्रे युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवली. १९३६ मध्ये मालकाने चित्र जगभर पसरू दिले, १९४२ मध्ये दाबून ठेवले. छायाचित्रकार तीच, तळमळ तीच. दोन्ही वेळा चित्राचे पुढे काय होणार हे ठरवणारी ती नव्हती.

४. चित्रातल्या बाईचे नाव

चित्रातल्या स्त्रीचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन. जन्म १९०३, ओक्लाहोमा भागातला, कुटुंब चेरोकी वंशाचे. ही माहिती जगाला ठळकपणे कळली ती १९७८ मध्ये, ‘मोडेस्टो बी’ या वृत्तपत्राच्या बातमीदाराने तिला शोधून काढल्यावर. म्हणजे चित्र प्रसिद्ध झाल्यानंतर बेचाळीस वर्षांनी.

तिचे म्हणणे होते की हे चित्र काढलेच नसते तर बरे झाले असते. त्यातून तिला एक पैसा मिळाला नाही. नाव कोणी विचारले नाही. चित्र विकणार नाही, प्रत पाठवू, असे सांगितले गेले आणि प्रत कधी आली नाही. त्याआधी १९५८ मध्येही तिने एका छायाचित्रण मासिकाला पत्र लिहून आपल्या चित्राच्या वापराला हरकत घेतली होती.

लँग यांनी १९६० मध्ये एका लेखात आपली बाजू लिहिली होती. आपण तिचे नाव किंवा पूर्वकथा विचारली नाही, हे त्या स्वतःच सांगतात. चित्रांचा आपल्याला उपयोग होईल असे तिला वाटले असावे, म्हणून तिने मदत केली आणि त्या देवघेवीत एक प्रकारची बरोबरी होती, असा त्यांचा सूर आहे. गाडीचे टायर विकून त्या कुटुंबाने अन्न घेतले होते, असेही त्या लिहितात. कुटुंबाने ते नाकारले. मुलाच्या सांगण्याप्रमाणे गाडी नादुरुस्त होती आणि ती दुरुस्त करूनच ते पुढे गेले.

दिलेल्या शब्दाबद्दल नेमके काय बोलणे झाले, याचा निवाडा आपण करायला नको. दोघींच्या आठवणी अनेक वर्षांनंतरच्या आहेत. पण समजा, लँग यांनी ‘हे विकले जाणार नाही’ असे खरोखर म्हटले होते. तरी तो शब्द पाळणे त्यांच्या हातात होते का? नव्हते. निगेटिव्ह वॉशिंग्टनला जाणार, वृत्तपत्रांना जाणार, पुढे सर्वांसाठी खुली होणार. आणि समजा, काहीच म्हटले नव्हते. तरी कॅमेरा घेऊन जवळ आलेल्या, हळू बोलणाऱ्या बाईकडे पाहून फ्लॉरेन्सने जो विश्वास टाकला, तो लँग यांच्यावर टाकला होता, खात्यावर नव्हे. गुंता इथे आहे. यात खोटेपणा कोणाचाच असायला नको. विश्वास एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे, एवढे पुरते.

पुढचे आकडे पाहा. १९८३ मध्ये फ्लॉरेन्स आजारी पडल्यावर मुलांनी लोकांना मदतीची हाक दिली आणि ३५ हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्याच वर्षी ती वारली. १९९८ मध्ये या चित्राचे ३२ सेंटचे टपाल तिकीट निघाले, आणि त्याच वर्षी चित्राची एक प्रत लिलावात २ लाख ४४ हजार ५०० डॉलरना विकली गेली. लोकांनी मदत केली ती चित्र ओळखून. पण ती दया होती, हक्क नव्हता.

५. हे चित्राच्या रचनेतही दिसते

तुम्ही म्हणाल, हा सगळा कागदोपत्री मामला झाला. चित्राच्या गुणाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. त्या दिवशीची इतर चित्रे शेजारी ठेवून पाहा. दूरच्या चित्रांत तंबू दिसतो, सामान दिसते, किशोरवयाची मोठी मुलगी दिसते. एका ठरावीक ठिकाणचे, ठरावीक कुटुंब. लँग जवळ जवळ जातात तसे एकेक तपशील चौकटीबाहेर पडतात. शेवटी उरतो एक चेहरा आणि दोन पाठमोरी डोकी. शीर्षकातही नाव नाही. मटार तोडणारे मजूर, मुलांची संख्या, आईचे वय, एवढेच.

ही रचना अतिशय प्रभावी आहे, यात शंका नाही. मुलांचे चेहरे लपल्यामुळे आपली नजर आईवरून हलत नाही. पण ज्या क्रमाने तपशील गळतात, त्याच क्रमाने चित्र कोणाचेही होण्यास सोपे जाते. मदतीचे आवाहन करणाऱ्या खात्याला ‘एक आई’ हवी होती. फ्लॉरेन्स थॉम्सन नव्हे. तिचे चेरोकी मूळही या चौकटीत मावत नव्हते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रेक्षकांनी तिला गोरी अमेरिकन माता म्हणून पाहिले. चित्रातली जवळीक आपल्याला वाटायला लावते की या बाईला आपण ओळखतो. प्रत्यक्षात तिचे नावही आपल्याला ठाऊक नव्हते. माझ्या मते हा या चित्राचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि दोषही तोच.

लँग यांच्यावर एकतर्फी आरोप करणेही बरोबर नाही. अर्थशास्त्रज्ञ पती पॉल टेलर यांच्यासोबत १९३९ मध्ये त्यांनी ‘ॲन अमेरिकन एक्झोडस’ हे पुस्तक केले. त्यात अनेक चित्रांखाली त्या त्या माणसांचेच बोलणे छापले आहे. बोलण्याची किंमत त्यांना कळत होती. निपोमोत ती वेळ दिली गेली नाही.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रत्येकाची परवानगी, प्रत्येकाचे नाव घेत बसलो, तर असे चित्र निघालेच नसते, आणि छावणीला अन्नही मिळाले नसते. आक्षेपात तथ्य आहे. पण तो क्लिक करण्यापूर्वीच्या क्षणाबद्दल आहे. चित्र काढल्यानंतर नाव लिहून घ्यायला, पत्ता विचारायला, एक प्रत पाठवायला कोणतेही पीक आड येत नव्हते. प्रश्न चित्र काढण्याचा नव्हता. नंतरच्या बेचाळीस वर्षांचा होता.

६. आपला कायदा काय म्हणतो?

आता हे वाचन आपल्या घरापर्यंत आणू, कारण तुमच्यातले कितीतरी जण शिकता शिकता लग्नांच्या, वाढदिवसांच्या, महोत्सवांच्या ऑर्डरी घेतात.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. साधारण नियम असा, की कर्ता हाच पहिला मालक. पण कलम १७ मध्ये अपवाद आहेत. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र काढले, तर उलट करार नसल्यास सांगणारी व्यक्ती पहिली मालक होते. नोकरीचा भाग म्हणून काढले, तर उलट करार नसल्यास मालकी नोकरी देणाऱ्याची; वृत्तपत्रे-मासिकांच्या नोकरीसाठी थोडा वेगळा नियम आहे. छायाचित्रकाराकडे कलम ५७ चे हक्क मात्र राहतात: हे काम माझे आहे असे सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा.

ऑर्डरीचा हा नियम ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यातून आपल्याकडे आला. तो स्टुडिओच्या काळाचा नियम आहे. पैसे देणारा आणि चित्रात बसणारा एकच, हे त्याने मनात धरले आहे. ब्रिटनने १९८८ मध्ये तो सोडला. तिथे आता मालकी छायाचित्रकाराची. पण खासगी, घरगुती कारणासाठी काढून घेतलेले चित्र जाहीर होऊ न देण्याचा वेगळा हक्क काम सांगणाऱ्याला आहे. मालकी आणि खासगीपणा वेगळे करणारी ही मांडणी आपल्यापेक्षा पुढची आहे. तरी एक गोष्ट पाहा: तो हक्कही काम सांगणाऱ्यालाच आहे, चित्रातल्या माणसाला नाही. तिसरे टोक तिथेही मोकळेच.

भारतात त्या तिसऱ्या माणसाला कॉपीराइट कायद्याबाहेर आधार शोधावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, हा त्यातला मोठा टप्पा. पण महोत्सवाच्या फोटोत दिसलेल्या विद्यार्थिनीने आपला चेहरा जाहिरात फलकावर पाहिल्यावर न्यायालयात जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. तिथे उपयोगी पडतो तो फोटो काढणाऱ्याचा शब्द, आणि तो शब्द पाळता येईल अशी आधी केलेली तजवीज.

७. निष्कर्ष

म्हणून ऑर्डर घेताना तीन गोष्टी लेखी ठरवा. चित्रांची मालकी कोणाची? ठरलेल्या कामाव्यतिरिक्त ती वापरायची झाल्यास कोणाला विचारायचे? आणि चित्रातल्या माणसाने ‘हे काढून टाका’ म्हटले, तर ते मान्य करण्याचा अधिकार कोणाकडे? पहिले दोन प्रश्न बहुतेक फोटोग्राफर विचारतात, कारण त्यांत त्यांचा पैसा असतो. तिसरा क्वचितच कोणी विचारते. हे ठरल्याशिवाय कोणालाही ‘काळजी करू नका, फोटो कुठे जाणार नाही’ असे सांगू नका. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देणे, हे हेतू कितीही चांगला असला तरी फसवणुकीच्या शेजारीच जाऊन बसते.

आणि चित्र वाचताना, चेहऱ्याइतकाच करारही वाचा. ‘मायग्रंट मदर’ हे थोर छायाचित्र आहे. ते पाहताना त्यातल्या बाईचे नाव उच्चारणे, एवढे तरी प्रेक्षक म्हणून आपण करू शकतो.

स्वाध्याय: तुमच्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातले एक छायाचित्र निवडा. ते कोणी काढले, पैसे कोणी दिले आणि त्यात कोण आहे, हे शोधा. त्या तिसऱ्या व्यक्तीला भेटून विचारा, तिला हे छापले जाणार हे ठाऊक होते का. मिळालेल्या उत्तरावर दोनशे शब्दांत लिहा. तिची संमती असेल तरच तिचे नाव द्या.